झूगे दान यास बंडखोर म्हणावें काय?

चीन देशाच्या इतिहासांत इ. स. २२० पासून २८० पर्यंतचा काळ 'तीन राज्यांचा काळ' म्हणून ओळखला जातो. हान घराण्याची सुमारें चारशें वर्षांची सत्ता मोडल्यावर उत्तरेस वेइ, नैर्ऋत्येस शू व आग्नेयीस वू अशीं तीन राज्यें उभीं राहिलीं. या काळावर रचलेल्या कादंबरीमुळें व नाटकांमुळें त्यांतील पहिल्या पिढीच्या वीरांचीं नांवें चीनमधील पोरासोरांच्याही तोंडीं असतात. परंतु कादंबरीचा ओघ जेथें मंदावतो तेथूनच, आमच्या मतें, इतिहासाभ्यासकास अधिक विचार करावयास लावणारा भाग सुरू होतो. वेइचे सम्राट अल्पवयी निघाले, कारभार सिमा घराण्याच्या हातीं गेला, आणि इ. स. २४९ पासून सोळा वर्षांत कारभाऱ्यांनीं सिंहासनच गिळलें. या सोळा वर्षांत ह्वाइ नदीकांठच्या शोउछुन या एकाच शहरीं तीन सेनापति कारभाऱ्याविरुद्ध उठले. पहिला वांग लिंग (इ. स. २५१), दुसरा ग्वानच्यू ज्येन (२५५) व तिसरा झूगे दान (२५७-५८). त्यांपैकीं तिसऱ्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. चिनी नांवांत आडनांव प्रथम येतें, आणि सिमा, झूगे, ग्वानच्यू हीं प्रत्येकीं दोन अवयवांचीं आडनांवें आहेत, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

झूगे दान याजविषयीं दोन मतें प्रचलित आहेत. एक त्यास राजद्रोही ठरवितें. दुसरें त्यास वेइ घराण्याचा शेवटचा स्वामिनिष्ठ सेवक मानतें. हीं दोन्ही मतें ज्या पुराव्यावर उभीं आहेत तो पुरावा मात्र क्वचितच निरखून पाहिला जातो.

प्रथम पूर्वपीठिका थोडक्यांत सांगूं. इ. स. २३९ त सम्राट त्साओ रुई वारला व चिनी गणनेनें आठ वर्षांचा त्साओ फांग गादीवर आला. त्साओ श्वांग हा राजकुलांतील सरदार आणि सिमा यी हा मुरलेला सेनापति असे दोघे कारभारी नेमले गेले. दहा वर्षें त्साओ श्वांगानें सिमा यी यास बाजूस सारलें, आणि सिमा यी आजाराचें सोंग घेऊन घरीं बसला. इ. स. २४९ च्या आरंभीं सम्राट व त्साओ श्वांग राजधानी लोयांगच्या बाहेर पूर्वजांच्या समाधीस गेले असतां सिमा यीनें शहराचे दरवाजे बंद करून सत्ता हस्तगत केली. अधिकार सोडल्यास जीवितास व मालमत्तेस धक्का लागणार नाहीं, असें वचन त्यानें त्साओ श्वांगास दिलें. त्साओ श्वांग शरण आला, आणि लौकरच त्याचा व त्याच्या पक्षाच्या लोकांचा सहकुटुंब वध झाला. हें मोडलेलें वचन पुढील सर्व प्रकरणाच्या मुळाशीं आहे. कारभाऱ्याकडून बोलावणें आलें असतां राजधानीस जावें कीं न जावें, या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक सेनापतीनें यानंतर या घटनेवरून काढलें.

तिन्ही उठाव शोउछुनासच कां झाले, याचें कारण त्या स्थळांतच आहे. हें शहर आजच्या आन्ह्वेइ प्रांतांत ह्वाइ नदीच्या दक्षिणेस आहे. वेइ व वू यांची सरहद्द येथेंच असल्यामुळें येथें मोठी फौज व वजनदार सेनापति ठेवणें भाग होतें. शिवाय इ. स. २४१ च्या सुमारास देंग आय नामक अधिकाऱ्यानें या प्रदेशाची पाहणी करून कालवे खणण्याची व सैनिकांकडून शेती करविण्याची योजना मांडली होती. नदीच्या उत्तरेस वीस हजार व दक्षिणेस तीस हजार माणसें वसविल्यास सहासात वर्षांत एवढें धान्य सांठेल कीं, एक लाख फौजेस पांच वर्षें पुरेल, असा त्याचा हिशोब होता. तो तंतोतंत उतरला कीं नाहीं हें बाजूस ठेवलें, तरी शोउछुनचा अधिकारी म्हणजे अन्न, माणूस व तटबंदी या तिहींचा धनी अशी स्थिति त्यामुळें झाली. एका गोष्टींत मात्र तो पांगळा होता. त्याच्या शिपायांचीं बायकामुलें बहुतेक उत्तरेस, म्हणजे कारभाऱ्याच्या मुठींत होतीं. ग्वानच्यू ज्येन याच्या फौजेंत फाटाफूट झाली ती मुख्यतः या कारणानें.

आतां झूगे दान याच्याकडे वळूं. त्याचें घराणें लांगया प्रांताचें. शू राज्याचा विख्यात प्रधान झूगे ल्यांग व वूचा सेनापति झूगे जिन हे दोघे भाऊ त्याचे भाऊबंद होत. एकाच कुळांतील तिघे तीन राज्यांत थोरपदास चढले हें पाहून, शूला त्यांतला नाग मिळाला, वूला वाघ आणि वेइला कुत्रा, असें लोक म्हणत असत. यांत दान याची निंदा आहे असें वाटेल, परंतु ही गोष्ट ज्या ग्रंथांत आली आहे तेथें त्याच्या लौकिकाचा उल्लेख आदरानेंच केलेला आढळतो.

त्याच्या तरुणपणच्या दोन गोष्टी नमूद आहेत. एक अशी कीं, नव्या नौकेची परीक्षा चालली असतां ती उलटली व दान आणि वृद्ध अधिकारी दू जी हे दोघे पाण्यांत पडले. रक्षक दान याकडे धांवले, तेव्हां 'प्रथम दू साहेबांना काढा' असें तो ओरडला. दू जी बुडाला. दान बेशुद्ध स्थितींत तीरास लागला व पुढें सावध झाला. दुसरी गोष्ट त्याच्या कारभाराची. नेमणुकांच्या खात्यांत असतां कोणी शिफारस केली कीं, तो शिफारस करणाऱ्याचें म्हणणें चारचौघांत उघड करी व माणसास जागा देई. पुढें त्या माणसाचें काम बरें झालें कीं वाईट, याचीही चर्चा उघडपणें होई. परिणाम असा झाला कीं, लोक शिफारस करण्यापूर्वीं दहादां विचार करूं लागले. ही युक्ति शिफारशींचा सुळसुळाट असलेल्या कोणत्याही दरबारास उपयोगी पडावी!

शियाहोउ श्वान व देंग यांग हे त्याचे जिवलग मित्र. दोघेही सिमांच्या तरवारीस बळी पडले. देंग यांग २४९ त व शियाहोउ श्वान २५४ त. परंतु येथें एक गोष्ट स्वामिनिष्ठेचे पुरस्कर्ते सोयीस्करपणें विसरतात. सिमा यीचा मुलगा सिमा शी यानें शियाहोउ श्वानास मारिलें, त्याच वर्षीं सम्राट त्साओ फांगास पदच्युत केलें, आणि पुढच्याच वर्षीं ग्वानच्यू ज्येन व वेन छिन यांनीं शोउछुनास निशाण उभारलें. त्यांनीं दान यास पत्र पाठवून साह्य मागितलें. दान यानें जासुदाचें डोकें उडविलें, कट जाहीर केला, आणि कारभाऱ्याच्या बाजूनें फौज घेऊन तो स्वतः शोउछुनांत शिरला. ग्वानच्यू ज्येन हा लहानसहान सेनापति नव्हे; कोरियाच्या उत्तरेकडील कोगुर्यो राज्याची राजधानी जिंकणारा वीर तो हाच, आणि त्या स्वारीच्या शिलालेखाचा तुकडा इ. स. १९०६ त सांपडला आहे. पळतांना तो एका सामान्य गांवकऱ्याच्या हातून मारला गेला. वेन छिन वू राज्यांत पळाला. वेइ घराण्याच्या रक्षणाकरितां उठावयाचेंच असेल, तर दान यास ती संधि २५५ त मिळाली होती. तेव्हां त्यानें ती झिडकारली. वेन छिनाशीं त्याचें पूर्वींपासून वांकडें होतें, हें त्याचें एक कारण असावें.

या मोहिमेंत डोळ्याच्या विकारानें सिमा शी वारला व त्याचा भाऊ सिमा झाओ मुखत्यार कारभारी झाला. दान यास बढती मिळाली व शोउछुनचा अधिकार त्याच्या हातीं राहिला. परंतु त्याच्या मनास स्वस्थता नव्हती. मित्र गेले, वांग लिंग गेला, ग्वानच्यू ज्येन गेला. आतां पाळी आपली, असें त्यानें ओळखलें. त्यानें खजिना रिता करून लोकांस वांटला, अपराध्यांस सोडून आपलेंसें केलें, व जिवास जीव देणारे हजारांवर वीर पदरीं बाळगले. वूच्या स्वारीची हूल उठतांच त्यानें आणखी एक लाख फौज व नदीकांठीं नवा किल्ला मागितला. लोयांगास संशय आला.

येथून पुराव्याचा प्रश्न सुरू होतो. या काळाचा मूळ इतिहास छेन शोउ (२३३-२९७) यानें लिहिला. तो लिहीत होता तेव्हां सिमा घराणें जिन या नांवानें सम्राटपदीं होतें. त्याला काय लिहितां येत होतें व काय नाहीं, याचें एकच उदाहरण पुरे. इ. स. २६० त सम्राट त्साओ माओ स्वतः हत्यार घेऊन कारभाऱ्यावर चालून गेला व भर रस्त्यांत कारभाऱ्याच्या माणसानें त्यास भोंसकून मारलें. छेन शोउ आपल्या बखरींत सम्राट विसाव्या वर्षीं वारला, एवढेंच लिहितो. पुढें इ. स. ४२९ त पेइ सोंगझी यानें त्यावर टीका रचून दुसऱ्या अनेक ग्रंथांतले उतारे जोडले, म्हणून खरा प्रकार आपणांस समजतो. अशा ग्रंथकारानें दान यानें 'बंड केलें' असें लिहिलें, यावरून दान याच्या हेतूविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं.

मग स्वामिनिष्ठेचा पुरावा कोणता? तो मुख्यतः एका संभाषणाचा आहे. सिमा झाओनें आपला विश्वासू जिया छोंग यास शोउछुनास पाठविलें. 'राजधानींतील सर्व सज्जनांस राज्यत्याग व्हावा असें वाटतें, आपलें मत काय?' असें त्यानें दान यास विचारलें. दान संतापला. जिया ख्वेइसारख्या निष्ठावंताच्या पोटीं येऊन, पिढ्यान्‌पिढ्या वेइचें अन्न खाऊन, राज्य दुसऱ्यास देऊं पाहतोस काय, असें त्यानें त्यास खडसावलें, आणि राजधानींत तसा प्रसंग आल्यास आपण प्राण देऊं असें सांगितलें. जिया छोंग निरुत्तर झाला. प्रसंग मोठा हृद्य आहे. वांग लिंग कैद होऊन चालला असतां वाटेंत याच जिया ख्वेइच्या देवळापाशीं त्यानें आपल्या निष्ठेची ग्वाही दिली होती, अशीही एक कथा आहे. तिच्यामुळें या प्रसंगास आणखी धार येते.

परंतु हें संभाषण येतें कोठून? मूळ इतिहासांत तें नाहीं. पेइ सोंगझी तें 'वेइ-मो-जुआन', म्हणजे वेइच्या अखेरचा वृत्तान्त, या ग्रंथांतून घेतो. याच ग्रंथांत दान यानें सम्राटाकडे पाठविलेलें म्हणून एक पत्रही आहे. त्यांत तो म्हणतो, दरबार मला वेइचा म्हणेल तर मी वेइचा, न म्हणेल तर मी वूचा. त्या पत्रावर टीकाकार स्पष्ट शेरा मारतो कीं, या ग्रंथांतील मजकूर एकंदर ग्राम्य आहे, दान याचें पत्र असें असेल असें वाटत नाहीं. पत्र संशयास्पद म्हणून टाकावयाचें आणि त्याच पुस्तकांतील संभाषण मात्र गोड वाटतें म्हणून ठेवावयाचें, हा न्याय आम्हांस समजत नाहीं. सातव्या शतकांत तयार झालेल्या जिन घराण्याच्या इतिहासांत व अकराव्या शतकांत सिमा ग्वांग यानें पुऱ्या केलेल्या महाबखरींत तें संभाषण आलें आहे, हें खरें. पण उतरून घेतलेला मजकूर हा दुसरा साक्षीदार होत नाहीं. आमच्या बखरी ज्यांनीं चाळल्या आहेत त्यांस हें वेगळें सांगावयास नको.

दुसऱ्या एका ग्रंथांतील हकीकत कमी नाट्यमय व अधिक विश्वसनीय आहे. जिया छोंग परत जाऊन म्हणाला कीं, दान यास आतां बोलाविलें तर तो येणार नाहीं, पण अनर्थ लहान होईल. न बोलाविलें तर उशीरा पण मोठा अनर्थ होईल. म्हणून इ. स. २५७ त राज्यांतील सर्वोच्च पदांपैकीं एक देऊं करून त्यास राजधानीस बोलावण्यांत आलें, व फौज सुभेदार यूए लिन याच्या हवालीं करण्याचा हुकूम झाला. सन्मानाचें पत्र साध्या जासुदाबरोबर आलेलें पाहून दान समजला. त्यानें यूए लिन यास ठार केलें, लष्करी वसाहतींतील एक लाखावर व नवीन चारपांच हजारांचे दहापट असे शिपाई गोळा केले, एक वर्षाचें धान्य भरलें आणि दरवाजे लावून घेतले. धाकटा मुलगा झूगे जिंग यास ओलीस म्हणून वूकडे पाठविलें. वूनें तीस हजार फौज दिली, आणि तिच्याबरोबर आला तो वेन छिन! दोन वर्षांपूर्वीं ज्याच्याविरुद्ध दान लढला, तोच आतां त्याचा मदतनीस झाला.

सिमा झाओनें दोन गोष्टी केल्या. सम्राट त्साओ माओ व राजमाता या दोघांसही त्यानें स्वारींत बरोबर घेतलें; पाठीमागें त्यांच्या नांवानें कोणी हुकूम काढूं नये, व समोर लढणारा सम्राटाविरुद्ध लढतो असें दिसावें. दुसरें, अडीच लाखांवर फौज असतांही त्यानें हल्ला न करतां शहराभोंवतीं दुहेरी वेढा घातला. पावसाळ्यांत ह्वाइ नदीला दरसाल पूर येई. म्हणून हे मोर्चे आपोआप वाहून जातील, असें म्हणून दान हंसला. पण त्या वर्षीं पाऊसच पडला नाहीं. वूची दुसरी फौज आली तिची रसद जाळली गेली; तिच्या सेनापतीस वूच्याच कारभाऱ्यानें, सुन छेन यानें, मारून टाकलें. वेढा घालणाऱ्यांनीं आपल्याकडेच धान्य संपत आलें आहे अशी आवई उठविली, तेव्हां आंतल्यांनीं हात सैल सोडून खाल्लें. शहरांतील वूचे कांहीं सरदार एका बनावट पत्रास भुलून शरण गेले. दान याचे दोन खास सल्लागार, बाहेर पडून एका बाजूस निकराचा हल्ला करा, असें सांगत होते. वेन छिन आडवा आला, आणि ते दोघेही तट उतरून पळाले.

इ. स. २५८ च्या पहिल्या महिन्यांत दक्षिणेच्या मोर्च्यांवर पांचसहा दिवस रात्रंदिवस हल्ले झाले. दगडांच्या यंत्रांनीं व अग्निबाणांनीं ते मोडले. खंदक प्रेतांनीं भरले. मग धान्य संपलें. वेन छिन म्हणाला, उत्तरेकडचे शिपाई बाहेर सोडून द्या, म्हणजे उरलेल्या अन्नावर वूच्या लोकांसह टिकाव धरतां येईल. उत्तरेकडचे म्हणजे दान याचे स्वतःचे लोक. जुनें वैर उफाळलें व दान यानें वेन छिनास ठार केलें. वेन छिनाचे दोन मुलगे, वेन यांग व वेन हू, तटावरून उतरून सिमा झाओस मिळाले. त्यांचा बाप बंडखोर, तेव्हां त्यांस मारावें असा सल्ला मिळाला. पण सिमा झाओनें त्यांना कांहीं शें स्वार देऊन तटाभोंवतीं फिरविलें. वेन छिनाच्या मुलांसही अभय मिळालें, मग इतरांस भय कसलें, असें ते ओरडत चालले. एवढ्यानें आंतील उरलासुरला निर्धारही गेला. इ. स. २४९ त दिलेलें वचन मोडून बापानें सत्ता मिळविली, आणि नऊ वर्षांनीं मुलानें वचन पाळून ती पक्की केली.

दुसऱ्या महिन्यांत शहर पडलें. दान मोजक्या स्वारांनिशीं लहान दरवाजानें बाहेर निघाला व मारला गेला. जिन घराण्याचा इतिहासकार गान बाओ सांगतो कीं, त्याच दिवशीं मुसळधार पाऊस पडून वेढ्याचे सर्व बंधारे वाहून गेले.

पण एक गोष्ट राहिली. दान याच्या पदरच्या कांहीं शें लोकांनीं शरण येण्याचें नाकारलें. हात बांधून त्यांना ओळीनें उभें केलें, एकेकाचा वध करून पुढच्यास विचारलें, आणि शेवटपर्यंत एकही बदलला नाहीं. झूगे साहेबांकरितां मरतों याचा आम्हांस खेद नाहीं, असें ते म्हणाले. एकेकास विचारल्याचा तपशील गान बाओचा आहे. मूळ गोष्ट मात्र खुद्द छेन शोउनें लिहिली आहे. विजयी घराण्याच्या पदरीं बसून लिहिणाऱ्यास ती लिहिण्यानें कांहीं लाभ नव्हता, म्हणून या प्रकरणांतील सर्वांत बळकट साक्ष आम्ही हीच मानतों. परंतु तिचा अर्थ नीट पाहावा. ते मेले ते झूगे दान याकरितां. वेइ सम्राटाचें नांव त्यांच्या तोंडीं नाहीं. सम्राट तर त्या वेळीं मोर्च्यापलीकडे कारभाऱ्याच्या छावणींत होता.

म्हणून आमचा निर्णय असा कीं, झूगे दान भयानें उठला. तें भय यथार्थ होतें, आणि त्यास कारण कारभाऱ्यांचा आजवरचा व्यवहार होता. शत्रुराज्याच्या पदव्या त्यानें घेतल्या, यावरून वेइची निष्ठा हा त्याचा मुख्य हेतु दिसत नाहीं. तथापि त्यास राजद्रोही म्हणणेंही बरोबर नाहीं; कारण ज्याच्याशीं द्रोह करावयाचा तो राजा स्वतःच कैदी होता व दोन वर्षांनीं त्याच कारभाऱ्याच्या माणसाकडून मारला गेला. छेन शोउनें त्यास ज्या प्रकरणांत घातलें आहे, त्यांतच निरपराधी मारला गेलेला देंग आयही आहे. त्या ग्रंथकाराच्या मनांत काय होतें, याचा थोडाबहुत तर्क त्यावरून करतां येईल.

दान याचें कुळ छाटलें गेलें. त्याची एक मुलगी सिमा झाओचा सावत्र भाऊ सिमा झोउ यास दिलेली होती, ती वांचली. ओलीस गेलेला झूगे जिंगही वूमध्यें वाढला. इ. स. २८० त जिननें वू जिंकल्यावर तो उत्तरेस आला. सम्राट सिमा यान त्याचा बालमित्र. पण भेट टाळण्याकरितां तो बहिणीच्या घरीं लपून बसला, नोकरी नाकारली, आणि जन्मभर राजधानीकडे पाठ करून बसत असे म्हणतात. वेन यांग मात्र जिनचा नांवाजलेला सेनापति झाला. इ. स. २९१ च्या राजवाड्यांतील गोंधळांत राजपुत्र सिमा याओ यानें बंडाचा आरोप ठेवून त्यास मारविलें. हा याओ म्हणजे झूगे दान याचा दौहित्र. शोउछुनच्या तटाआड वेन छिन पडला त्यास तेव्हां तेहेतीस वर्षें झालीं होतीं.